सुरकुत्यांतला ऐवज

अंगाने किरकोळ. एकटा तागडीत टाकला तर काटा हलायचा नाही. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. कातडीवर उभ्या सुरकुत्या, त्यांच्या घड्यांत कधी साखरेचा पांढरट कण, एका टोकाला देठ सुटल्याची बारीक खूण. दोन बोटांत धरून दाबला तर दबतो आणि सोडल्यावर सावकाश फुगून जागेवर येतो. कडक लागला तर फार वाळलाय, बोटाला चिकटला तर पाणी राहिलंय. बेदाण्याची पारख करणारे पहिली ओळख अशी बोटांनीच करून घेतात.

या इवल्याशा जिवाच्या नावावर आपण किती कामं लावून ठेवली आहेत! रक्त कमी झालं, बेदाणे खा. अशक्तपणा आला, बेदाणे खा. पोट साफ होत नाही, काळ्या मनुका भिजत घाल. पोरगा व्यायामशाळेत जायला लागला, त्याला प्रोटीन पाहिजे, डब्यात सुकामेवा दे. यातली काही कामं त्याला जमतात, काही मुळीच जमत नाहीत, आणि जे त्याच्याजवळ खरोखर भरभरून आहे त्याबद्दल त्याला कोणी विचारत नाही. मला हा अन्याय वाटतो. म्हणून त्याची नीट ओळख करून द्यावी म्हणतो.

आपल्याकडचा बेदाणा म्हणजे सांगलीचा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत हा त्याचा मुलूख. शेजारी पंढरपूर आणि पलीकडे कर्नाटकातलं विजयपूर. खाण्याच्या द्राक्षांत नाशिकचं नाव मोठं, पण बेदाणा म्हटलं की सांगली. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र घराणं पाहायला गेलं तर ते दूरचं. ज्या द्राक्षाला आपण थॉम्सन म्हणतो त्याला नाव मिळालं ते विल्यम थॉम्सन या इंग्लंडहून कॅलिफोर्नियात गेलेल्या बागायतदाराचं. त्याने १८७० च्या दशकात तिकडे ही वेल वाढवली. वेल मात्र त्याच्याहून कितीतरी जुनी, पश्चिम आशियातली सुलतानिना. तिच्यातून आपल्या बागायतदारांनी स्वतःच्या नजरेने वेली निवडल्या, कलमं केली आणि तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशी नावं दिली. सगळी एकाच भावकीतली मंडळी.

या भावकीला वंश नाही. फूल उमलतं, परागीकरण होतं, बी धरायला सुरुवातही होते आणि मग मध्येच वाढ खुंटते. मणी चिरून भिंगाखाली धरला तर अर्धवट राहिलेल्या बीचा मऊ अंश दिसतो. म्हणून या घराण्यात पुढची पिढी बीतून येत नाही, काडीतून येते. याचा एक परिणाम असा की बियांत साठणारी प्रथिनं आणि तेल याच्या वाट्याला आलेलंच नाही. बदामाशी, शेंगदाण्याशी त्याची तुलना करणं तिथेच चुकतं. ती बियांची जात. त्यांना पुढच्या रोपाची शिदोरी बांधायची असते. द्राक्षाला शिदोरी बांधायची नाही. त्याला पाखराने खावं एवढंच त्याचं काम, आणि त्यासाठी साखर पुरते.

तरीही त्याच्याजवळ नायट्रोजन असतो, आणि तो कोणत्या रूपात असतो हे फार पाहण्यासारखं आहे.

द्राक्षवेलीची मुळं मातीतून नायट्रेट उचलतात आणि वेल त्यापासून अमिनो आम्लं घडवते. यातलं वेलीचं सर्वांत लाडकं अमिनो आम्ल म्हणजे आर्जिनिन. त्याच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू आणि नायट्रोजनचे तब्बल चार. इतका नायट्रोजन इतक्या थोड्या जागेत दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या अमिनो आम्लात मावत नाही. म्हणून वेल आपली नायट्रोजनची बचत खोडात आणि मुळांत मुख्यतः आर्जिनिनच्या रूपाने ठेवते, आणि पिकू लागलेल्या मण्यांतही ते उतरतं. मणी पाणी भरून मऊ व्हायला लागला, साखर चढू लागली, की आणखी एक जण येतो: प्रोलिन. पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याचं प्रमाण वाढत जातं. कोणत्या जातीत कोण वरचढ हे ठरलेलं असतं. वाइनसाठी नावाजलेल्या काबर्ने सोव्हिन्यों जातीत प्रोलिनचा वरचष्मा, थॉम्सनकडे आर्जिनिनचा. वाइन करणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो, कारण यीस्टला आर्जिनिन पचतं, पण पिंपात हवा नसताना प्रोलिन पचत नाही. रस आंबून वाइन होते तेव्हा आर्जिनिन बहुतेक संपलेलं असतं आणि प्रोलिन तसंच मागे राहतं.

बेदाण्याच्या वाटेत यीस्ट येत नाही. त्यामुळे त्याच्याजवळचं दोन्ही राहतं.

फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा कायापालटाचा काळ. मण्यात बावीस-चोवीस टक्के गोडी भरल्याशिवाय बेदाण्यासाठी घड तोडायचा नाही. कमी गोडीत तोडला तर वाळल्यावर नुसती कातडी उरते. तोडलेले घड क्रेटमध्ये भरून द्रावणात बुडवतात. शंभर लिटर पाण्याला साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल, हे इथलं रुळलेलं प्रमाण. काही मिनिटं बुडवायचं, निथळवायचं आणि शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायचं. ऊन थेट लागू द्यायचं नाही, वारा मात्र खेळता हवा.

हे बुडवणं कशासाठी, ते मण्याच्या अंगाकडे पाहिलं की कळतं. ताज्या द्राक्षावर बोट फिरवलं तर पांढुरकी साय निघते. ते मेण आहे. कातडीवर त्याच्या सूक्ष्म चकत्या कौलांसारख्या एकीवर एक बसलेल्या असतात आणि आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. डिपिंग ऑईलमधलं इथिल ओलिएट आणि सोबतचा अल्क या चकत्यांची रचना विस्कटतात, वाट मोकळी होते. नुसता वाळवला तर ज्याला तीन-चार आठवडे लागतील तो मणी पंधरवड्यात तयार होतो. ही युक्ती आजची नाही. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवरच्या ग्रंथात मनुकांसाठी राखेच्या पाण्यात तेल घालून घड बुडवायला सांगितलं आहे. राखेच्या पाण्यात असतं तेच पोटॅशियम कार्बोनेट, आणि ओलिएट हा ऑलिव्हच्या तेलाचाच नातलग. दोन हजार वर्षांनी कवठेमहांकाळच्या माळावर टाकीत तेच दोन पदार्थ कालवले जातात.

अशाच एका शेडमध्ये जाळीवर हात फिरवत उभ्या असलेल्या बाईंना मी विचारलं, "मावशी, हा कधी उतरायचा?"

"अजून चार दीस तरी. मूठ भरून आवळायची आन् सोडायची. सुटा सुटा पडला तर झाला. चिकटून राहिला तर ऱ्हाऊ द्यायचा."

त्या मुठीच्या परीक्षेत काय मोजलं जातं? पाणी. ताज्या मण्यात पंचाहत्तर ते ऐंशी टक्के पाणी असतं, तयार बेदाण्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास. त्याहून जास्त राहिलं तर बुरशी, फार कमी झालं तर चिवट. पंधरा टक्क्यांवर साखर इतकी दाट होते की बुरशीला आणि जिवाणूंना लागणारं पाणी साखरच धरून ठेवते. बेदाणा टिकतो तो याच्या जोरावर.

चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मग हिशेब सोपा वाटतो: पाणी गेलं, बाकी सगळं चौपट दाट झालं. काही बाबतीत हा हिशेब खरा ठरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नतक्ते पाहिले तर शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांत १९० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आहे आणि बेदाण्यात साधारण ७५०. चौपट, अगदी बरोबर. प्रथिनं पाऊण ग्रॅमवरून तीन ग्रॅमवर जातात. तीही चौपट. खनिजं आणि नायट्रोजन वाऱ्याने उडून जात नाहीत, हे याचं कारण. पण 'क' जीवनसत्त्वाच्या रकान्यात वेगळीच गोष्ट दिसते. ताज्या द्राक्षांत शंभर ग्रॅमला सुमारे ३ मिलिग्रॅम, म्हणजे बेदाण्यात १२-१३ असायला हवं होतं. आहे जेमतेम २.३. पंधरवडाभर हवेत पडून राहिल्याची किंमत या जीवनसत्त्वाने मोजली. वाळणं म्हणजे निव्वळ पाणी जाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एक रकाना पाहावा.

आता प्रथिनांचा रकाना उघडून आत पाहू. शंभर ग्रॅम बेदाण्यातल्या तीन ग्रॅमांत कोण कोण आहे? सर्वांत वर, अपेक्षेप्रमाणे, आर्जिनिन: चारशे मिलिग्रॅमच्या थोडं वर. त्याच्या मागे प्रोलिन, अडीचशेच्या आसपास. मग ग्लुटामिक आम्ल, अस्पार्टिक आम्ल, अलानिन. आणि आपल्या शरीराला जी स्वतः बनवता येत नाहीत, अन्नातूनच घ्यावी लागतात, ती नऊ आवश्यक अमिनो आम्लं? आहेत, नऊही आहेत. पण हजेरी लावण्यापुरती. ल्युसिन शंभरच्याही आत, लायसिन ऐंशी-पंच्याऐंशी, मेथिओनिन वीस-एकवीस. स्नायू घडवण्यात ल्युसिनला मान मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ३९ मिलिग्रॅम ल्युसिन लागतं. साठ किलोच्या माणसाने ते फक्त बेदाण्यांतून मिळवायचं ठरवलं तर त्याला दिवसाला जवळजवळ अडीच किलो बेदाणे खावे लागतील, आणि त्यांतून सात हजारांवर कॅलरी पोटात जातील. व्यायामशाळेतल्या पोराच्या डब्यात मूठभर बेदाण्यांऐवजी तेवढ्याच वजनाचे भिजवलेले शेंगदाणे टाकले तर आईचं काम जास्त साधेल. मूठभर, म्हणजे वीस ग्रॅम, बेदाण्यांत प्रथिनं अर्ध्या ग्रॅमला थोडी जास्त. तेवढ्याच शेंगदाण्यांत पाच ग्रॅम.

हे सांगून मला बेदाण्याचा पाणउतारा करायचा नाही. वेलीने त्याच्यात जे ठेवलं ते वेलीच्या गरजेचं होतं, आपल्या स्नायूंचा विचार करून ठेवलेलं नव्हतं. त्याच्या अमिनो आम्लांची यादी वाचताना माणसाच्या गरजांचा तक्ता बाजूला ठेवला, तर त्या यादीत वेलीचं आयुष्य दिसतं. नायट्रोजन कसा साठवला, मणी कधी पिकला, जात कोणती, हे सगळं त्या दोन-चार आकड्यांत आहे. जर्दाळूची यादी पाहा: तिथे अस्पार्टिक आम्ल सगळ्यांच्या वर, कारण ते झाड वेगळं, त्याची रीत वेगळी. सुक्या अंजिरात कॅल्शियम बेदाण्याच्या तिप्पट. प्रत्येक सुक्या फळाने आपापल्या झाडाची सवय अंगावर आणलेली असते. सगळ्यांना 'सुकामेवा' या एका पिशवीत भरून एकच गुणवर्णन चिकटवणं मला पटत नाही.

या अमिनो आम्लांचं खरं कर्तृत्व चवीत आणि रंगात आहे. तूप गरम करून त्यात बेदाणे सोडा. सुरकुत्या बघता बघता ताणल्या जातात, आतल्या उरल्यासुरल्या पाण्याची वाफ होऊन बेदाणा टम्म फुगतो आणि क्षणभर पुन्हा द्राक्षासारखा गोल होतो. लगेच उपसला नाही तर कातडी तांबूस होते आणि घरभर शिऱ्याचा म्हणून जो वास ओळखू येतो तो सुटतो. बेदाण्यात साठ टक्क्यांहून जास्त साखर, तीही निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज. या दोन्ही साखरा अमिनो आम्लांच्या नायट्रोजनवाल्या टोकाला जाऊन चिकटतात, आणि त्या जोडीतून पुढे तपकिरी रंग आणि सुगंधाचे कितीतरी रेणू तयार होतात. लुई-कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, कॉफीचा रंग, सगळीकडे ती असते. बाकीच्या ठिकाणी तिला कडक आच लागते. बेदाण्यात साखर आणि अमिनो आम्लं इतकी दाटीने बसलेली असतात की ती शेडमध्ये, गोदामात, डब्यात, मंद गतीने आपोआप चालू राहते. इथे साखर गाठते ती मुख्यतः आर्जिनिनला आणि गॅबा नावाच्या दुसऱ्या एका अमिनो आम्लाला. वाळलेल्या द्राक्षांत या दोघांच्या साखरेशी झालेल्या जोड्या रसायनतज्ज्ञांनी मोजून दाखवल्या आहेत. वर्षभर डब्यात राहिलेला बेदाणा काळवंडतो आणि त्याला गुळासारखी गोडी येते ती याने. त्या बदल्यात थोडं आर्जिनिन, थोडं लायसिन कायमचं अडकून पडतं, शरीराच्या उपयोगाचं राहत नाही.

काळवंडण्याचं दुसरं कारण घडतं ते सुरुवातीलाच. मण्याच्या पेशी फुटल्या की त्यातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कातडीजवळच्या पॉलिफेनॉलांना तपकिरी करतं. सफरचंद चिरून ठेवलं की जे होतं तेच. कॅलिफोर्नियात पूर्वापार घड तोडून वेलींच्या ओळींमध्ये कागदावर उन्हात पसरतात. दोन-तीन आठवड्यांत तो बेदाणा गडद तपकिरी होतो. वेल तीच थॉम्सन. आपल्याकडे सावलीत, द्रावणात बुडवून, भरभर वाळवल्यामुळे त्या विकराला वेळ कमी मिळतो, आणि वर गंधकाची धुरी दिली की त्याचं काम जवळजवळ थांबतंच. हिरवा किंवा सोनेरी पिवळा बेदाणा तयार होतो तो असा. मग निवडणी, प्रतवारी, पेटी, शीतगृह. थंडीत माइयारची प्रक्रियाही मंदावते, म्हणून महिनोन्महिने रंग टिकतो.

तासगावच्या आणि सांगलीच्या बाजारात सौदे निघतात तेव्हा अडते आणि खरेदीदार ताटातला बेदाणा वर-खाली करून पाहतात. रंग, जाडी, एकसारखेपणा, काडी राहिली आहे का, डाग आहेत का. हिरव्याला भाव वर, पिवळ्याला त्याच्या आसपास, काळ्याला खाली. अवकाळीचे दोन शिंतोडे पडले, हवा दमट झाली, आणि शेडमधला माल काळा पडला की बागायतदाराच्या वर्षभराच्या कष्टाचा भाव काही दिवसांत उतरतो. त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर रंगासाठीची त्याची धडपड पूर्ण समजते. बाजार पैसे रंगाचेच देतो. पण खाणाऱ्याने रंगावरून गुणांची परीक्षा करू नये, असं मला मनापासून वाटतं. गंधकाच्या धुरीने 'क' जीवनसत्त्व थोडं वाचतं, हे खरं. पण तोच गंधकाचा वायू 'ब-१' जीवनसत्त्वाचा, थायमिनचा, रेणू मधोमध तोडतो. अन्नतक्त्यांत गडद बेदाण्यात शंभर ग्रॅमला थायमिन एक दशांश मिलिग्रॅमच्या वर आहे, आणि सोनेरी बेदाण्यात त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. अस्थमा असलेल्या काही जणांना सल्फाइटचा त्रासही होतो; त्यांच्यासाठी धुरी न दिलेला तपकिरी बेदाणाच बरा. बाजारात ज्याला पडेल भाव मिळतो त्याच्या अंगात काही बाबतीत जास्त शिल्लक असतं, हे पुणे-मुंबईच्या दुकानांत चमकदार हिरवा निवडणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

राहिली रक्ताची गोष्ट. शंभर ग्रॅम बेदाण्यात लोह दोन मिलिग्रॅमच्या आत. मूठभरात तीन-चार दशांश. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोजचं लोह सुचवलं आहे २९ मिलिग्रॅम. अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला रोज सकाळी दहा भिजवलेले बेदाणे देऊन घरचे निश्चिंत राहतात, हे पाहिलं की माझा जीव तुटतो. तिला तपासणी हवी, लोहाच्या गोळ्या हव्यात, जेवणात पालेभाजी, कडधान्यं आणि वर लिंबू हवं. बेदाणा तिच्या ताटात असू दे, पण तिच्या आजाराचा भार त्याच्यावर टाकू नये.

भिजवण्याचंही तसंच. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या बेदाण्यात नवीन काही उगवत नाही. मोड यायला बी लागते, ती तर याला नाहीच. पाण्यात उतरते ती साखर आणि पोटॅशियम. म्हणून ते पाणी टाकून न देता पिणं रास्त. भिजून तो मऊ होतो, दात नसलेल्या आजोबांना चावता येतो, आणि धुरीचा अंशही धुतला जातो. एवढं पुरे आहे. पोट साफ होण्यासाठी आजी काळ्या मनुका देत आली त्यात मात्र तथ्य आहे. बेदाण्यात शंभर ग्रॅमला चार ग्रॅमच्या आसपास तंतुमय भाग असतो आणि त्याच्या सोबतीला टार्टारिक आम्ल. हे आम्ल द्राक्षाखेरीज फार थोड्या फळांत इतकं भरपूर सापडतं. आपल्या ओळखीची चिंच त्यातली. त्याचा मोठा भाग लहान आतड्यात शोषला न जाता पुढे मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथलं काम सोपं करतो. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने फळांत द्राक्षाला पहिला मान दिला तेव्हा त्याच्या नजरेपुढे असे रोजचे रुग्ण असतील. हेच आम्ल कुत्र्यांना मात्र सोसत नसावं, असा अंदाज अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडला. मूठभर बेदाण्यांनीही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. घरात कुत्रा असेल तर प्रसादाची वाटी त्याच्या तोंडापासून लांब ठेवावी.

मधुमेह असलेल्यांनी त्याच्याशी जपूनच वागावं. मूठभर म्हणजे बारा-तेरा ग्रॅम साखर, ती मोजूनच खायची. बाकीच्यांसाठी तो शेंगदाण्यांच्या, फुटाण्यांच्या सोबतीने सर्वांत शोभतो. प्रथिनं त्यांच्याकडून येतात, गोडी आणि पोटॅशियम याच्याकडून, आणि आर्जिनिन दोघांकडूनही. शेंगदाण्यात ते कितीतरी जास्त, हेही सांगितलं पाहिजे. सणाला खिरापतीत खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर यांच्या पंगतीला तो बसतो, तिथेही त्याच्याकडून बळाची अपेक्षा कोणी करत नाही. खोबऱ्याचा तेलकटपणा आणि खारकेचा कोरडेपणा यांच्यामध्ये ओलसर आंबटगोड घास द्यायचा, हे त्याचं काम, आणि ते दुसऱ्या कोणाला जमत नाही. आंबट येतं टार्टारिक आम्लातून, गोड साखरेतून, आणि मागे रेंगाळणारी खोल चव त्या अमिनो आम्लांतून.

बेदाण्याचा बहुतेक माल उन्हाळ्यातच शीतगृहात जातो आणि सौदे वर्षभर चालू राहतात. मागणी चढते ती गणपतीपासून दिवाळीपर्यंत. नेमक्या त्याच दिवसांत बागेत फळछाटणी चालू असते. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर वाढवलेल्या काड्या कात्रीने आखूड केल्या जातात, डोळ्यांना पेस्ट लावली जाते, आणि आठ-दहा दिवसांत कोंब फुटायला लागतात. त्या वेळी वेलीवर एकही पान नसतं आणि मुळांनी नवीन नायट्रोजन उचलायला अजून अवकाश असतो. पहिली पानं आणि त्यांच्या पोटातून डोकावणारा पहिला घड वाढतो तो खोडात आणि मुळांत ठेवलेल्या आर्जिनिनवर. पेट्या भरून बेदाण्याचा ट्रक तासगावहून मुंबईच्या बाजाराला निघतो तेव्हा बागायतदार बागेत डोळे मोजत असतो: एका काडीवर किती फुटले, त्यातल्या किती फुटींवर घड दिसतो आणि या वर्षी खताला हात किती सैल सोडायचा.